फेंडर, मार्शल, वॉक्स: कुणाचा आवाज कुठे चालतो

गिटारच्या ॲम्पबद्दल, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीबद्दल प्रश्न असा आलाय की नाशिकच्या इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, स्ट्रॅट टाइपची (फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारखी) सिंगल कॉइल, म्हणजे एका कॉइलच्या पिकअपची (तारांचा कंप पकडणारा भाग) गिटार आहे, बजेट तीस-पस्तीस हजार, कॉलेज रोडच्या कॅफेत आणि गंगापूर धरणाकडच्या वायनरीत बँडचे शो असतात, शिवाय सीझनला एका ऑर्केस्ट्रात वाजवायला जातो. ब्लूज, जुनी हिंदी-मराठी गाणी आणि थोडं रॉक. मित्र म्हणतायत मार्शल घे, क्लासचे सर म्हणतायत फेंडरच घे, आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून ह्याला स्वतःला वॉक्स आवडलाय. तर टोन कुणाचा चांगला आणि घ्यायचा कुठला?

मित्रा, मी बरीच वर्षं वाजवतोय आणि सिडकोत ॲम्प रिपेअरिंगही करतो, म्हणजे हे सगळे ब्रँड स्टेजवर ऐकलेत आणि टेबलावर उघडूनही बघितलेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी मुद्द्याचं सांगतो. तुझ्या बजेटमध्ये ज्या नव्या ॲम्पवर मार्शल लिहिलेलं असेल त्यात तुझ्या डोक्यातला मार्शलचा आवाज नसणार, आणि फेंडर-वॉक्सचंही तेच. लोक ज्याला मार्शल टोन म्हणतात तो एका ठरावीक सर्किटमधून, ठरावीक ट्यूबमधून (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या), १२ इंची स्पीकरमधून आणि भरपूर मोठ्या आवाजातून तयार झालेला असतो, ह्यातलं काहीही एक काढलं की पुढची पाटी तीच राहते पण आवाज दुसराच येतो. म्हणून ब्रँड शेवटी ठरव. कुठे वाजवणार, किती मोठ्याने वाजवणार आणि कोणाबरोबर वाजवणार, हे आधी.

फेंडर विरुद्ध मार्शल असं लोक हिरीरीने भांडतात, पण मार्शलचा पहिला ॲम्प फेंडरवरूनच उचललेला आहे. जिम मार्शल मूळचा ड्रमर, लंडनच्या हॅनवेल भागात त्याचं वाद्यांचं दुकान होतं, पीट टाउनशेंड, रिची ब्लॅकमोर (पुढे द हू आणि डीप पर्पलचे गिटारिस्ट) अशी पोरं तिथे यायची आणि त्यांना मोठा, दणकट ॲम्प पाहिजे होता, अमेरिकेतून आलेला फेंडर तिकडे फार महाग पडायचा. मग १९६२-६३ च्या सुमारास दुकानातल्या केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन ह्यांनी फेंडरच्या बेसमन ॲम्पचं सर्किट (५एफ६-ए म्हणतात ते) जवळपास जसंच्या तसं घेऊन जेटीएम ४५ बनवला. दोन्हींचे सर्किट डायग्राम शेजारी शेजारी ठेवले तर फरक शोधत बसावं लागतं.

मग आवाज इतका वेगळा का? एक म्हणजे पहिल्या स्टेजला बेसमनमध्ये १२एवाय७ ही ट्यूब होती आणि मार्शलने ईसीसी८३ लावली, तिचा गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) जास्त, त्यामुळे आवाज लवकर फाटतो, म्हणजे डिस्टॉर्ट होतो. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमध्ये मिळायचे ते लावले. निगेटिव्ह फीडबॅकचं (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) प्रमाण बदललं. पण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पेटीने आणि स्पीकरने पाडला. बेसमनमध्ये १० इंची ४ जेन्सन स्पीकर, पेटी मागून उघडी. मार्शलने १२ इंची ४ सेलेस्टियन घेतले आणि पेटी मागून बंद केली. मागून उघडी असली की आवाज खोलीभर पसरतो, बेस जरा सैल राहतो. बंद असली की सगळा जोर समोर जातो, खालच्या तारा छातीवर आदळतात.

स्पीकरचं महत्त्व लोकांना शब्दांनी पटत नाही, म्हणून माझ्याकडे रिपेअरला आलेल्या एका ॲम्पचं सांगतो. साधा प्रॅक्टिस ॲम्प, १५ वॉट, आत ८ इंची स्पीकर, मालक म्हणत होता ह्याचा डिस्टॉर्शन मच्छरासारखा आहे, विकून टाकायचाय. आतल्या स्पीकरची वायर काढली आणि एक लांब वायर जोडून माझ्या बंद पेटीच्या दोन बारा इंची कॅबिनेटला दिली (पेटी ८ ओमची, ॲम्प ४ ओमपर्यंत चालणारा, त्यामुळे धोका काही नव्हता, फक्त वॉट थोडे कमी निघतात). नॉब एकही हलवला नाही. सहावी तार तळव्याने दाबून वाजवली तर आधी नुसतं ‘टक’ यायचं तिथे ‘ढप्प’ आलं, आणि वरच्या तारांवरची ती किरकिर निम्मी गायब. गिटारच्या मोठ्या स्पीकरचा आवाज साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने खाली येतो, फाटलेल्या आवाजातला जो कचरा असतो तो त्याच्या वरच राहतो आणि स्पीकर तो गाळून टाकतो. त्याने ॲम्प विकला नाही, कॅबिनेट बनवून घेतलं.

आता एकेक आवाज घेऊ.

आज ज्याला सगळे ‘फेंडर क्लीन’ (क्लीन म्हणजे न फाटलेला, स्वच्छ) म्हणतात तो बेसमनचा नाही, तो १९६३-६४ पासूनच्या ब्लॅकफेस ॲम्पचा, म्हणजे ट्विन रिव्हर्ब, डिलक्स रिव्हर्ब, सुपर रिव्हर्ब वगैरे. खालच्या सुरांत भरीव, वरच्या सुरांत चकचकीत, मधल्या सुरांत खड्डा, म्हणजे तिथे आवाज कमी. हा खड्डा साधारण ४००-५०० हर्ट्झच्या आसपास पडतो आणि तो टोनच्या सर्किटमध्येच आहे, सगळे नॉब ५ वर ठेवले म्हणजे फ्लॅट (सगळे सूर सारखे) झालं असं अजिबात होत नाही. खरोखर फ्लॅटच्या जवळ जायचं तर बेस आणि ट्रेबल शून्यावर आणि मिडल फुल करावा लागतो. कधी ट्विनवर संधी मिळाली तर करून बघ, आवाज एकदम मातकट होतो, आणि मग लक्षात येतं की आपल्याला आवडणारी ती चमक म्हणजे मधला भाग काढून टाकल्याचा परिणाम आहे. डिलक्स रिव्हर्बवर तर मिडलचा नॉबच दिलेला नाही, आत एक ठरलेला रेझिस्टर बसवून टाकलाय.

आणखी एक गोष्ट, ही वाजवणाऱ्याला कामाची. ब्लॅकफेसमध्ये बेस-ट्रेबल हे पहिल्या ट्यूबच्या लगेच नंतर येतात आणि आवाज फाटतो तो त्याच्या पुढच्या स्टेजेसमध्ये. म्हणजे तू जेवढा बेस वाढवशील तेवढा तो पुढे जाऊन फाटणार, आणि फाटलेला बेस भसाडा लागतो. म्हणून फेंडरवर व्हॉल्यूम ६-७ ला नेला की बेस २-३ वर आणायचा. घरी व्हॉल्यूम २ वर असताना बेस ६ छान वाटतो, तेच सेटिंग घेऊन लोक स्टेजवर जातात, आणि मग म्हणतात फेंडरचा ड्राइव्ह (फाटलेला आवाज) घाणेरडा. ट्विन ८५ वॉटचा, तो कॅफेत फाटेपर्यंत वाढवायचा प्रश्नच येत नाही, क्लीनसाठीच वापरायचा. डिलक्स रिव्हर्ब २२ वॉटचा, दोन ६व्ही६ ट्यूब, तो मात्र ५-६ च्या पुढे फार सुंदर फाटायला लागतो आणि बोट हलकं केलं की परत स्वच्छ होतो. एकच ॲम्प आयुष्यभर ठेवायला सांगितला तर मी हाच ठेवीन.

मार्शलमध्ये टोनचे नॉब उशिरा येतात, आवाज बऱ्यापैकी फाटून झाल्यावर. त्यामुळे बेस वाढवला तरी ड्राइव्हची घट्ट वीण सुटत नाही. मधला खड्डा कमी खोल आणि जरा वर, ६००-७०० हर्ट्झच्या भागात सरकलेला, आणि १९६६-६७ पासून त्यांनी ईएल३४ ट्यूब लावल्या, ज्या फाटताना मधला भाग पुढे ढकलतात. ह्या सगळ्याचा परिणाम असा की मार्शल एकटा वाजवताना थोडा कर्कश, थोडा नाकातला वाटतो, पण ड्रम आणि बेस सुरू झाले की गिटार ऐकू येते. बंद खोलीत एकटं बसून मार्शल आणि फेंडरची तुलना केली तर फेंडर जिंकतो, बँडमध्ये केली तर बरेचदा मार्शल.

जुन्या प्लेक्सी (पुढे प्लेक्सिग्लासची पट्टी असलेल्या) मार्शलला मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाज वेगळा कमी करायचा नॉब) नसतो आणि पुढे चार इनपुट असतात, दोन ब्राइट चॅनेलचे, दोन नॉर्मलचे. गिटार एका चॅनेलला लावून एक वीतभर वायर घेऊन ती दुसऱ्या चॅनेलला जोडतात, मग दोन्ही व्हॉल्यूम मिळून टोन जमवायचा, नॉर्मलने जाडी आणि ब्राइटने धार. १०० वॉटचा हा प्रकार घरात कुणी चालवू शकत नाही. १९७५ ला मास्टर व्हॉल्यूमचा २२०३ आला, तोच पुढे १९८१ पासून जेसीएम ८०० नावाने गाजला, त्या काळातल्या कित्येक हार्ड रॉक आणि मेटल रेकॉर्डवर तो आहे. पण मास्टर असला तरी त्याचा अर्धा आवाज पॉवर ट्यूब (स्पीकरला जोर देणाऱ्या शेवटच्या ट्यूब) आणि स्पीकर घामाघूम झाल्यावरच येतो. त्यातला त्यात घरगुती आकारात डीएसएल सिरीज, त्यातला २० वॉटवाला बारा इंची स्पीकर आणि दोन ईएल३४ घेऊन येतो, १० वॉटवरही चालतो. एमजी सिरीज वेगळी, ती ट्रान्झिस्टरची. सुरुवातीला शिकायला ठीक, पण मित्र ‘मार्शल घे’ म्हणतायत ते जर एमजी १५ बद्दल असेल तर ८ इंची स्पीकरमधून तो आवाज येणार नाही, हे स्पष्ट सांगतो.

वॉक्स. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातलं डार्टफर्ड, टॉम जेनिंग्जची कंपनी, डिझाइन डिक डेन्नीचं. १९५८ ला एसी१५ आला, शॅडोज ह्या ब्रिटिश बँडला तो पुरेना म्हणून त्याचा दुप्पट एसी३०, आणि मग बीटल्स. एसी३० मध्ये चार ईएल८४ ट्यूब असतात, लहान, बारीक, आणि पॉवर स्टेजला निगेटिव्ह फीडबॅक नाही. फीडबॅक असला की ॲम्प स्वतःला आवरून धरतो, एका मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम फाटतो. वॉक्समध्ये ती सीमारेषाच नाही. हलकं वाजवलं तर घुंगरासारखं खुळखुळतं, जोरात ओढलं की गुरगुरतं, आणि मधल्या सगळ्या छटा बोटांवर. मोबाइलवर तुला जे आवडलं ते बहुधा हेच. क्वीन बँडच्या ब्रायन मे ह्याचा एवढा जाड आवाज एसी३० चाच आहे, पण तो नॉर्मल चॅनेल फुल ठेवून आधी ट्रेबल बूस्टर (वरचे सूर वाढवणारी छोटी डबी) लावतो आणि गिटारच्या व्हॉल्यूमने कमी-जास्त करतो, नुसता वॉक्स विकत घेऊन तो येत नाही.

वॉक्सच्या टॉप बूस्ट चॅनेलला मिडल नॉब नाही. ट्रेबल आणि बेस दोन्ही वर नेले की मधला भाग आपोआप आत जातो, दोन्ही खाली आणले की मधला भाग उरतो आणि एकूण आवाजही पडतो. आणि तो ‘कट’ नावाचा नॉब उलटा चालतो, वाढवला की वरची धार कमी होते. हे माहीत नसल्यामुळे पोरं दुकानात सगळे नॉब १२ वाजता ठेवतात, स्ट्रॅटचा ब्रिज पिकअप लावतात, कानात सुया जातात, आणि ॲम्प परत. सिंगल कॉइल असेल तर ट्रेबल ४, बेस ५, कट अर्ध्याच्या पुढे, इथून सुरुवात करायची. मूळ एसी३० ज्यांनी गाजला ते सेलेस्टियनचे निळे अल्निको स्पीकर, हल्लीच्या साध्या एसी१५ आणि एसी३० मध्ये ग्रीनबॅक येतात, ते जरा मऊ. वजन मात्र बघून घे, दोन स्पीकरचा एसी३० तीस किलोच्या वर जातो आणि तुझ्या बिल्डिंगला लिफ्ट आहे की नाही ते तू लिहिलेलं नाहीस.

ट्यूब बघून आवाज ओळखता येतो असंही नाही. फेंडरच्या ब्लूज ज्युनियरमध्ये ईएल८४ च आहेत, वॉक्सच्याच जातीच्या, तरी तो वॉक्ससारखा वाजत नाही कारण भोवतीचं सर्किट फेंडरचं. आणि मेसा बूगीही फेंडरमधूनच निघालाय, रँडल स्मिथने फेंडर प्रिन्स्टनच्या छोट्या पेटीत मोठा ॲम्प आणि १२ इंची स्पीकर कोंबला, गिटारिस्ट कार्लोस सँटानाने वाजवून बघितला, त्याच्या तोंडून निघालेल्या शब्दावरून बूगी नाव पडलं. पुढे त्याने गेनच्या स्टेजेस एकामागे एक लावून लांबलचक टिकणारा सूर काढला, मेटलवाल्यांना रेक्टिफायर नावाचा ॲम्प दिला. चांगलंच काम आहे, पण तुझ्या गाण्यांना त्याची गरज नाही. ऑरेंज १९६८ चा, क्लिफ कूपरचा, मधे जाड आणि जरा खडबडीत, त्यांचे क्रश सिरीजचे छोटे ॲम्प त्या किमतीत ड्राइव्हला खरंच चांगले आहेत, क्लीन साधारण.

रोलंड जेसी-१२० बद्दल मात्र थांबून बोलायला पाहिजे, कारण कॉलेज फेस्टिव्हलला आणि मोठ्या शोला साउंडवाल्याकडून हाच येण्याची शक्यता असते. १९७५ पासूनचा, एकही ट्यूब नाही, ६० वॉटचे दोन ॲम्प आणि १२ इंची दोन स्पीकर, कोरस (किंचित हलता दुसरा सूर मिसळणारा इफेक्ट) चालू केला की दोन्ही स्पीकरमधून वेगवेगळं येतं आणि आवाज हवेत मिसळतो. तो कोरस अजून कुणाला तसा जमलेला नाही असं माझं प्रामाणिक मत. पण तो आवाज अजिबात दाबून मऊ करत नाही, पेडल (गिटार आणि ॲम्पच्या मधली, पायाने चालवायची इफेक्टची डबी) जे देईल ते उघडं पाडतो. ट्यूब ॲम्पवर गोड वाटणारं ओव्हरड्राइव्ह पेडल जेसीवर कोरडं, टोचणारं वाटतं. तिथे पेडलचा टोन खाली आण, ॲम्पचा ट्रेबल ४ वर, ब्राइट स्विच बंद, आणि मिडल ७ पर्यंत बिनधास्त ने.

नावांबद्दल थोडं. फेंडर १९६५ ला सीबीएसने विकत घेतलेला आणि नंतर परत हात बदलले, वॉक्स १९९२ पासून कोर्गकडे आहे, मेसा २०२१ ला गिब्सनकडे गेला, मार्शल २०२३ ला त्या कंपनीकडे गेला जी त्यांच्या नावाचे ब्लूटूथ स्पीकर बनवायची. त्यामुळे ‘अमुक ब्रँडचा टोन’ असं सरसकट काही उरलेलं नाही, मॉडेलचं नाव सांगितल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

आता आवाजाच्या पातळीचं, कारण तुझ्या बाबतीत खरा निर्णय इथेच होणार आहे. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे १०० वॉटचा ॲम्प हा १० वॉटच्या दुप्पट वाटतो, दहापट नाही. आणि स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॉटला किती मोठा वाजतो) असते, सेलेस्टियनचा ग्रीनबॅक ९८ डेसिबलचा आणि व्हिंटेज ३० हा १०० डेसिबलचा, हा २ डेसिबलचा फरक वॉट न वाढवता मिळतो. १५-२० वॉटचा ट्यूब ॲम्प कॅफेला भरपूर होतो, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये तर खालचे काका पहिल्या दिवशी वर येतील.

दुसरं, हळू आवाजात आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, म्हणून घरी आपण दोन्ही वाढवतो, मधलं कमी करतो. स्टेजवर मोठ्याने तेच लावलं की खाली घुमतं, वर टोचतं, आणि गिटार मात्र कुठेच नाही. ऑर्केस्ट्रात हे फार होतं. ऑक्टोपॅडची किक आणि ढोलकीचा धुम खालची जागा घेतात, कीबोर्डवाला स्ट्रिंग्ज धरून बसलेला असतो, झांजा आणि गायिका वर. गिटारला उरते ती ५०० ते २००० हर्ट्झच्या मधली जागा, आणि नेमकी तीच तू घरी काढून ठेवलेली असते. तिथे मिडल ७-८, बेस ३, रिव्हर्ब (घुमल्याचा इफेक्ट) जवळपास बंद. एकट्याने ऐकलंस तर कुरूप वाटेल, वाटू दे, ‘मेंदीच्या पानावर’ च्या मधल्या पीसला तुझी एकेक नोट मागच्या खुर्चीपर्यंत जाईल.

वायनरीच्या लॉनवर उलटा त्रास. भिंती नाहीत, त्यामुळे खोलीत भिंतींवरून परत येणारा बेस तिथे येतच नाही, आवाज पातळ वाटतो. तिथे बेस थोडा वाढव, आणि ॲम्पचा आवाज स्वतःला ऐकण्यापुरता ठेवून माइक लाव किंवा लाइन आउट (ॲम्पमधून थेट वायरने निघणारा सिग्नल) मिक्सरला दे. मिक्सरला वायर देताना स्पीकर सिम्युलेशन (स्पीकरच्या गाळण्याची नक्कल) चालू असलंच पाहिजे, नाहीतर मगाशी म्हटलं तो ५ किलोहर्ट्झच्या वरचा सगळा कचरा पीएमधून (लोकांसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरमधून) बाहेर येतो आणि लोकांना वाटतं मधमाश्यांचं पोळं फुटलं. कॅफेत ॲम्प जमिनीवर ठेवू नकोस, खुर्चीवर ठेव किंवा मागे कलता कर. स्पीकरचा ट्रेबल सरळ रेषेत जातो, ॲम्प तुझ्या पोटऱ्यांकडे बघत असेल तर तुला मंद ऐकू येणार, तू ट्रेबल वाढवणार, आणि समोरच्या टेबलावरची माणसं उठून जाणार.

विजेचं बोलल्याशिवाय पुढे जात नाही. कुणाचा मामा अमेरिकेतून ट्यूब ॲम्प घेऊन येतो, तो १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. थेट लावला तर नशीब बरं असेल तर फक्त फ्यूज जाईल. मागे जेवढे वॉट लिहिलेत त्याहून दणदणीत मोठ्या क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पाहिजे, आणि तिकडची वीज ६० हर्ट्झची असल्याने तिथल्यासाठीच बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जरा जास्त तापतो हेही लक्षात ठेव. मांडवात जनरेटरवर वाजवायचं असेल तर मल्टिमीटरने व्होल्टेज बघूनच प्लग लाव. आणि अर्थिंग. हम (घूं असा आवाज) येतो म्हणून तिसरी पिन काढून टाकणारे लोक मी आजही बघतो. एका हातात गिटारच्या तारा आणि ओठ माइकला, दोन्हीकडचं अर्थ वेगळं असलं की करंट तुझ्यातून जातो, ह्यात माणसं दगावलेली आहेत. माइकला तोंड लावायच्या आधी गिटारची तार माइकच्या जाळीला टेकवून बघ, ठिणगी दिसली तर वाजवायचं नाही, आधी वायरिंग बघायचं.

मग तू काय घ्यावं? तुझ्या परिस्थितीत मी ट्यूबच्या मागे लागणार नाही. तुला घरी हळू, कॅफेत मध्यम आणि लॉनवर मिक्सरमधून, असं तिन्ही पाहिजे, आणि हे आज मॉडेलिंग ॲम्प (वेगवेगळ्या ॲम्पची डिजिटल नक्कल करणारे) नीट करतात. बॉस कटाना ५०, १२ इंची स्पीकर, पॉवर अर्ध्या वॉटवर आणायची सोय, हेडफोन-रेकॉर्डिंग आउटला स्पीकर सिम्युलेशन. भाव वर-खाली होत असतात पण तुझ्या बजेटच्या आसपास असतो. त्यावर क्लीन किंवा क्रंच (हलका फाटलेला) लाव, मिडल वर, आणि ब्लूजसाठी पुढे एक साधं ओव्हरड्राइव्ह. क्रंच कमी गेनवर ठेवून गिटारचा व्हॉल्यूम ७ वर आणलास तर वॉक्सकडे झुकणारं काहीतरी मिळेल, वॉक्स नाही मिळणार. ह्यात आत्मा नाही असं म्हणणारे भेटतील. मी स्वतः ट्यूबवाला आहे, डिलक्स रिव्हर्बसमोर बसल्यावर बोटांना जे परत मिळतं ते कटाना देत नाही हे मान्य, पण खोलीत व्हॉल्यूम १ वर ठेवलेला ट्यूब ॲम्पही ते देत नाही. फेंडरनेच २०१९ ला टोन मास्टर नावाने डिलक्स रिव्हर्बचं डिजिटल रूप काढलं, वजन जवळपास निम्मं, मागे पॉवर कमी करायचा स्विच. तो तुझ्या बजेटच्या खूप वर आहे, पण कुठे दिसला तर वाजवून बघ.

बजेट वाढलं आणि ट्यूबच हवा असं ठरलं तर तुझ्या गाण्यांना आणि सिंगल कॉइलला ब्लूज ज्युनियर किंवा एसी१५, रॉक जास्त असेल तर डीएसएल २०. स्ट्रॅट आणि वॉक्स ही जोडी सांभाळायला अवघड, हंबकर (दोन कॉइलचे, जाड आवाजाचे पिकअप) असते तर मी डोळे झाकून एसी१५ म्हटलं असतं.

नाशिकमध्ये हे सगळे एका जागी ऐकायला मिळणं कठीण, एक दिवस काढून मुंबईला धोबी तलावकडच्या दुकानांत जाऊन ये. स्वतःची गिटार, स्वतःची वायर आणि स्वतःचं पेडल घेऊन जा, दुकानातली महाग गिटार लावून बघू नकोस. सगळे नॉब मधे ठेवून सुरू कर, मग एकेक नॉब शून्यापासून फुलपर्यंत फिरव. व्हॉल्यूम बँडच्या पातळीवर निदान मिनिटभर तरी न्यायला लाव, विकणारा नाही म्हणाला तरी आग्रह धर. तुझ्याच तीन गाण्यांचे तुकडे वाजव, आणि सोबत कुणाला तरी ने जो दहा पावलं लांब उभा राहून ऐकेल.

सेकंड हँड ट्यूब ॲम्प बघत असशील तर मागून बघ. ट्यूबच्या काचेच्या आत वरच्या बाजूला आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो पांढरा झाला असेल तर आत हवा शिरलीय, ती ट्यूब मेलेली. नॉब फिरवताना खरखर असेल तर घाबरू नकोस, आपल्याकडच्या पावसाळ्यात पॉट (नॉबखालचा भाग) आणि जॅक गंज धरतातच, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा निघून जातं. पण काही न वाजवता सतत ५०-१०० हर्ट्झचा घूं येत असेल तर फिल्टर कपॅसिटर गेले असण्याची शक्यता आहे, तो खर्च भावातून कमी करून घे. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तो इथे सहज मिळत नाही. आणि मागचं पॅनेल उघडून हात घालू नकोस, प्लग काढून ठेवला तरी आत काहीशे व्होल्ट बराच वेळ टिकून राहतात. शंका असेल तर विकणाऱ्याला म्हण ॲम्प आधी टेक्निशियनला दाखवतो मग पैसे देतो, नाही म्हणाला तर दुसरा बघ.